शब्दाला जागणारा

तो दिसायला अगदी किरकोळ. दुहेरी अवतरणचिन्हांत एक अक्षर, कधी त्याआधी एखादं चिन्ह, आणि लगेच कंसात सी भाषेतल्या कुठल्याशा व्हेरिएबलचं नाव. एवढंच त्याचं शरीर. आजूबाजूला दोन-तीन कोलन, एखादा स्वल्पविराम. त्याच्या आधीच्या ओळींत असेंब्लीचे हुकूम ऐटीत उभे असतात, एका ओळीला एक, आणि नवख्याची नजर तिथेच खिळते. याच्याकडे कुणी बघत नाही. पहिली दोन वर्षं मीही बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या कोडमधून तो जसाच्या तसा उचलायचा, कंसात आपलं व्हेरिएबल भरायचं आणि पुढे जायचं, असा माझा शिरस्ता होता.

त्याचं नाव ऑपरंड. तसा ऑपरंड बहुतेक हुकमांना असतो. बेरीज म्हटली की कशात काय मिळवायचं ते सांगावंच लागतं. पण मी म्हणते तो हा इनलाइन असेंब्लीतला, सी आणि असेंब्ली यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेला. उंबऱ्याच्या अलीकडे वस्तूंना नावं असतात: काउंट, पोर्ट, बेरीज. पलीकडे नावं चालत नाहीत. तिथे फक्त रजिस्टरं, आर शून्यपासून आर ३१ पर्यंत. अलीकडचा ‘काउंट’ पलीकडे कुठल्या रजिस्टरात बसला आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला हा एकटाच.

आधी त्याचं घर सांगते. माझी त्याची ओळख झाली ती एटमेगा ३२८पी या चिपवर, म्हणजे आर्डुइनो उनो बोर्डावर बसवलेल्या २८ पायांच्या काळ्या किड्यावर. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, कामाला २ किलोबाइट रॅम, १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ. एक सायकल म्हणजे ६२.५ नॅनोसेकंद. हे एव्हीआर घराणं मूळचं नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचं. आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी तिथे त्याचा आराखडा मांडला, १९९० च्या दशकाच्या मध्यावर अ‍ॅटमेलने ते बाजारात आणलं, आणि २०१६ मध्ये अ‍ॅटमेलसकट ते मायक्रोचिपकडे गेलं. आराखडा पक्का होण्याआधी सी कंपायलर लिहिणाऱ्यांचा सल्ला घेतलेला होता, त्यामुळे या चिपला सी छान मानवते. मग असेंब्लीत शिरायची गरजच काय, असं कुणीही विचारेल. गरज पडते, कारण सी भाषेत वेळ नाही. काय करायचं ते सीमध्ये सांगता येतं, किती सायकलींत करायचं ते सांगायला तिच्याकडे शब्द नाही. एखादी पिन बरोबर पाच सायकली वर ठेवायची असेल तर पलीकडे जावं लागतं, आणि पलीकडे जायचं तर उंबऱ्यावरच्या या माणसाशी बोलावं लागतं.

बोलावं लागतं म्हणजे शब्द द्यावा लागतो. कारण घरचा कारभारी, म्हणजे कंपायलर, पलीकडचं काहीच वाचत नाही. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमननी जीसीसी पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, त्याच कंपायलरची एव्हीआरसाठीची शाखा आम्ही वापरतो. हजारो ओळींचा कोड तो उलटासुलटा करून तपासतो, नको ते काढतो, हवं ते हलवतो. पण अवतरणचिन्हांतली असेंब्ली त्याच्या दृष्टीने बंद लिफाफा. त्यातल्या ओळी तो मोजतो, कारण मधून उडी मारायची झाली तर अंतर किती पडेल याचा अंदाज त्याला हवा असतो. टक्क्याचं चिन्ह दिसलं की तिथे रजिस्टराचं नाव भरतो आणि लिफाफा तसाच पुढे असेंब्लरकडे सरकवतो. आत बेरीज आहे की घोळ, हे तो विचारत नाही. त्याचा सगळा भरवसा बाहेर लिहिलेल्या मजकुरावर, आणि तो मजकूर म्हणजे आपले ऑपरंड.

मजकुराला घरं तीन. पहिल्या कोलननंतर आउटपुट, म्हणजे काय परत मिळणार. दुसऱ्यानंतर इनपुट, म्हणजे काय न्यायचं. तिसऱ्यानंतर क्लॉबर, म्हणजे आपण न मागता काय उष्टं करणार. हा क्रम मला फार दिवस खटकत होता. आधी नेणं, मग आणणं, अशी जगाची रीत. इथे आधी परतफेडीचं बोलायचं, मग उसनं मागायचं. टक्का शून्य, टक्का एक हे आकडेही त्याच क्रमाने पडतात: आधी सगळे आउटपुट, मग सगळे इनपुट. मध्ये एक नवीन आउटपुट घातला की खालच्या सगळ्यांचे आकडे सरकतात आणि लिफाफ्यातला प्रत्येक टक्का चुकीच्या घरी जातो. २००२ च्या जीसीसी ३.१ पासून आकड्याऐवजी नाव द्यायची सोय झाली. मी आता नावच देते. आकड्यांनी हाक मारणं बरं वाटत नाही, आणि नावं असली की सहा महिन्यांनी वाचताना बोटं मोजावी लागत नाहीत.

मी त्याला नीट ओळखायला लागले ती एका पाटीमुळे. माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात. बसच्या कपाळावर गावाचं नाव दाखवणारी एलईडीची पाटी आम्ही बनवत होतो. १६ आडव्या रांगा, प्रत्येक रांगेत ६४ ठिपके. एका वेळी एकच रांग पेटते, पण रांगा इतक्या झपाट्याने फिरतात की डोळ्याला पूर्ण अक्षरं दिसतात. रांगेतले ६४ बिट एकामागे एक सरकवायचे तर क्लॉकची पिन ६४ वेळा वर-खाली करायची, आणि दर वेळी वर गेल्यावर थोडं थांबायचं, खाली आल्यावर थोडं थांबायचं. ते थांबणं मी इनलाइन असेंब्लीत लिहिलं होतं. लूप दोन हुकमांचा: रजिस्टर एकने कमी कर, शून्य झालं नसेल तर पुन्हा वर जा. एका फेरीला तीन सायकली. काउंट १०. म्हणजे २९ सायकली, कारण शेवटच्या फेरीत उडी मारावी लागत नाही आणि एक सायकल वाचते. जेमतेम १.८ मायक्रोसेकंद.

टेबलावर पाटी झकास चालली. ‘स्वारगेट’ कसं लखलखीत दिसत होतं. मग गाडीवर पाठवायचा बिल्ड काढला, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू केलं, आणि पाटी फडफडायला लागली. विझत्या ट्यूबलाइटसारखी. ऑप्टिमायझेशन बंद केलं की शांत, चालू केलं की फडफड. मी दोन दिवस पॉवर सप्लायवर संशय घेतला. कपॅसिटर बदलले, तारा आखूड केल्या, एक अख्खं कनेक्टर पुन्हा सोल्डर केलं. तिसऱ्या दिवशी आमच्या सरांनी ऑसिलोस्कोपचा प्रोब क्लॉकच्या पिनवर लावला आणि मला जवळ बोलावलं.

पडद्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. रांगेतला पहिला ठोका अरुंद, सुईसारखा, हवा तसा १.८ मायक्रोसेकंदांचा. त्यानंतरचे सगळे लठ्ठ. आणि सगळे सारख्याच मापाने लठ्ठ, ४८ मायक्रोसेकंदांचे. नुसती गडबड असती तर मापं इकडेतिकडे झाली असती. ही चूक शिस्तीची होती.

“थांबण्याच्या लूपला तू काय दिलंयस, मोठ्यानं वाच,” सर म्हणाले.

मी वाचलं. दुसऱ्या कोलननंतर, अवतरणात आर, कंसात काउंट.

“म्हणजे काय?”

“कुठलंही एक रजिस्टर द्या, त्यात काउंट ठेवा, सर.”

“ते कुठे ठेवायचं ते झालं. तू त्याचं काय करणार, ते कुठे लिहिलंयस?”

लिहिलं नव्हतं. इनपुटच्या घरात ठेवलेल्या ऑपरंडचा अर्थ एवढाच की हे मी बघणार आहे. आणि मी तर त्याला एकेक करून शून्यावर आणत होते.

“वाचायला म्हणून वही मागून घेतलीस आणि सगळी पानं फाडून परत ठेवलीस,” सर म्हणाले. “त्याला कसं कळावं?”

मग त्यांनी कंपायलरने बनवलेल्या असेंब्लीचं लिस्टिंग काढायला लावलं, आणि एकेक ओळ बोटाने दाखवत हिशोब मांडला. थांबण्याचं फंक्शन छोटं, म्हणून ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलरने ते जागच्या जागी उलगडलं. सीच्या नियमाने प्रत्येक बोलावण्याला काउंटची वेगळी प्रत मिळायला हवी. पण प्रत बदलणारच नाही असं मीच लिहून दिलेलं, मग कंपायलरने वेगळं रजिस्टर कशाला खर्चावं? रांगेच्या सुरुवातीला त्याने १० एकदा रजिस्टरात भरले आणि तेच रजिस्टर सगळ्या लूपांना दिलं. पहिला लूप १० वरून शून्यावर आला. दुसऱ्याला हातात शून्यच मिळालं. आठ बिटांच्या रजिस्टरात शून्यातून एक वजा केला की २५५ उरतात, शून्य नाही, म्हणून उडी, आणि अशा पूर्ण २५६ फेऱ्या. ७६७ सायकली, म्हणजे ४८ मायक्रोसेकंद. शेवटी पुन्हा शून्य, म्हणून तिसराही तसाच, चौथाही. ऑप्टिमायझेशन बंद असताना कंपायलर दर वेळी काउंट रॅममधून नव्याने आणत होता, म्हणून माझं खोटं झाकलं जात होतं.

दुरुस्ती एका चिन्हाची. ऑपरंड इनपुटच्या घरातून उचलून आउटपुटच्या घरात ठेवला आणि आरच्या आधी अधिकचं चिन्ह लावलं. अधिक म्हणजे वाचणारही आणि बदलणारही. पुन्हा लिस्टिंग काढलं. आता प्रत्येक लूपच्या आधी एक नवी ओळ आलेली: मूव्ह. मूळचे १० एका रजिस्टरात जपून ठेवलेले, आणि दर वेळी त्यांची प्रत दुसऱ्या रजिस्टरात, खर्चायला. एक हुकूम, दोन बाइट, एक सायकल. कंपायलरने ती ओळ न कुरकुरता घातली होती. तो आधीही घालायला तयारच होता, त्याला खरं सांगायचं तेवढं राहिलं होतं. पाटी स्थिर झाली. मी बराच वेळ ‘स्वारगेट’कडे बघत बसले होते, मग त्या अधिकच्या चिन्हाकडे.

तेव्हापासून या माणसाचा स्वभाव मला समजायला लागला. तो हुज्जत घालत नाही आणि मनातलं ओळखतही नाही. जे बोललात ते अक्षरशः पाळणार, आणि जे बोलला नाहीत ते नाहीच असं धरून चालणार. आपल्याकडे शब्दाला जागणारा म्हणून ज्याचं कौतुक होतं, तसा तो आहे. अशा माणसाबरोबर राहायचं तर आपल्यालाही तोलून बोलायची सवय लावून घ्यावी लागते.

त्याची अक्षरंही अशीच तोलून घ्यायची. आर म्हणजे ३२ पैकी कुठलंही रजिस्टर. बहुतेकांचं आयुष्य या आरवरच निघतं. पण एलडीआय नावाचा हुकूम आहे, रजिस्टरात थेट आकडा भरणारा, आणि तो आर १६ च्या खाली जातच नाही. का नाही, ते हुकमाचे बिट मोजले की दिसतं. एव्हीआरचा हुकूम सहसा १६ बिटांचा. एलडीआयची ओळख पटवायला ४ गेले, भरायच्या आकड्याला ८ गेले. उरले ४. चार बिटांत १६ रजिस्टरांचीच नावं मावतात, म्हणून वरच्या १६ जणांना मान मिळाला आणि खालचे १६ वंचित राहिले. वरचाच मजला हवा असेल तर अक्षर डी लिहायचं. डीऐवजी आर लिहिलं तरी आठवडाभर चालूनही जाईल, कारण कंपायलरने योगायोगाने वरचं रजिस्टर दिलेलं असतं. मग भलत्याच फंक्शनमध्ये एखादं व्हेरिएबल वाढतं, वरची रजिस्टरं भरतात, तुमचा ऑपरंड खाली ढकलला जातो आणि असेंब्लर ओरडतो की १५ च्या वरचं रजिस्टर हवं. तो ओरडतो हे नशीबच. पाटीच्या चुकीला तर कुणी ओरडलंही नव्हतं.

मोठा आय तर रजिस्टर मागतच नाही, शून्य ते ६३ मधला आकडा मागतो. पोर्टशी बोलणाऱ्या इन आणि आउट या हुकमांत पत्त्याला सहाच बिट आहेत, म्हणून ६३. आता पोर्ट बीचा पत्ता इन-आउटच्या हिशोबाने ५, आणि मेमरीच्या हिशोबाने ३७. ही ३२ ची तफावत पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकते. कारण साधं आहे: या चिपच्या डेटा मेमरीत पहिली ३२ घरं खुद्द रजिस्टरांचीच, आणि पोर्ट त्यांच्यामागे राहायला आलेले. तेव्हा आयच्या कंसात पोर्टचं नाव थेट न घालता ३२ वजा करून देणारा मॅक्रो घालायचा असतो.

अक्षराच्या आधी लावायच्या चिन्हांत मला सगळ्यात अवघड गेलं ते अँपरसँड. त्याची गोष्ट एका छोट्या बेरजेची. दोन सेन्सरची वाचनं, ४० आणि २५. लिफाफ्यात तीन ओळी: बेरजेचं रजिस्टर शून्य कर, त्यात पहिलं मिळव, त्यात दुसरं मिळव. आउटपुट बेरीज, इनपुट दोन वाचनं. यात आक्षेप घ्यावा असं काहीच दिसत नाही. उत्तर मात्र ६५ ऐवजी २५ यायचं.

कंपायलर काटकसरी आहे. त्याचा समज असा की लिफाफ्यातलं काम सगळे इनपुट वापरून झाल्यावरच आउटपुट लिहितं. मग पहिलं वाचन पुढे कुठे लागणार नसेल तर ते संपल्यावर त्याचं रजिस्टर रिकामंच, तेच बेरजेला देऊन टाकू. हिशोब बिनचूक. पण माझी पहिलीच ओळ बेरीज शून्य करणारी. बेरीज आणि पहिलं वाचन एकाच जागी, म्हणजे ४० वाचायच्या आतच पुसले गेले. शून्यात शून्य, मग २५.

मी चूक शोधायला दोन्ही वाचनं सिरियल पोर्टवर छापली. छापली आणि उत्तर बरोबर आलं, ६५. छापायची ओळ काढली, पुन्हा २५. अंगावर काटा आला होता तेव्हा. आता त्याचं कारण सरळ दिसतं: छापायचं म्हटल्यावर पहिलं वाचन पुढे लागणार होतं, म्हणून कंपायलरने त्याचं रजिस्टर राखून ठेवलं आणि बेरजेला वेगळं दिलं. औषध पुन्हा एका चिन्हाचं. आउटपुटच्या बरोबरच्या चिन्हापुढे अँपरसँड. म्हणजे हा आउटपुट मी लवकरच, इनपुट संपायच्या आत, हाताळणार आहे, याच्या जागेत दुसऱ्या कुणाला बसवू नका.

क्लॉबरच्या घराबद्दल फार सांगत नाही. फक्त आर १ विषयी. एव्हीआरसाठीचा जीसीसी आर १ मध्ये कायम शून्य आहे असं धरून चालतो. कुठेही शून्य लागलं की तो तिथून घेतो, जशी देवघरात समई आपल्या जागी असणारच असं आपण धरून चालतो. पण गुणाकाराचा हुकूम आपलं उत्तर आर शून्य आणि आर १ याच जोडीत टाकतो, त्याला दुसरी जागाच नाही. तेव्हा इनलाइन असेंब्लीत गुणाकार केला की उत्तर दुसरीकडे हलवून आर १ पुन्हा शून्य करून ठेवायचा. विसरलात तर चूक तुमच्या ओळीत दिसणारच नाही. पन्नास ओळी पुढे, दुसऱ्याच कुणाच्या निरपराध कोडमध्ये, शून्याच्या जागी भलतंच काही निघेल. इंटरप्टच्या फंक्शनची सुरुवातही याच भीतीने होते: आधी आर १ जपून ठेवा, मग शून्य करा, कारण कुणी गुणाकाराच्या मधोमध असताना आपण दार वाजवलेलं असू शकतं.

पण त्याचं सगळ्यात देखणं रूप मी पाहिलं ते गेल्या गणपतीत. सोसायटीच्या मखरासाठी तपकीर गल्लीतून डब्ल्यूएस २८१२ एलईडीची पट्टी आणली होती, मीटरला ६० दिवे. प्रत्येक दिव्याला आधी हिरवा, मग लाल, मग निळा, असे २४ बिट एकाच तारेवरून द्यायचे. बिट शून्य असो की एक, ठोका वर जातोच. तो किती वेळ वर राहतो त्यावर अर्थ ठरतो. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे आपल्या १६ मेगाहर्ट्झवर मोजून २० सायकली. शून्याव्या सायकलीला पिन वर, पाचवीला शून्याचा बिट असेल तर खाली, तेरावीला काहीही असो खाली. आणि उरलेल्या सायकलींत पुढचा बिट सरकवायचा, आठ बिट संपले का ते बघायचं, संपले असतील तर मेमरीतून पुढचा बाइट आणायचा, बाइट संपले का तेही बघायचं. वीस सायकलींत हा सगळा संसार. एक सायकल इकडे तिकडे नाही.

मी लिहिलेल्या त्या रूटीनला आठ ऑपरंड. पोर्टचा पत्ता आणि बाइटांचा पत्ता, दोघांनाही अक्षर ई, कारण पत्ता धरून मेमरीत हात घालायला एक्स, वाय, झेड या तीनच जोड्या चालतात. उरलेल्या बाइटांच्या मोजणीला डब्ल्यू, कारण दोन रजिस्टरांची जोडी एका हुकमात एकने कमी करायची सोय २४, २६, २८ आणि ३० पासून सुरू होणाऱ्या चारच जोड्यांना आहे. चालू बाइट, राहिलेले बिट, पुढच्या ठोक्याला पिनवर काय घालायचं ते, आणि पिन वर असतानाची व खाली असतानाची पोर्टची किंमत, या पाचांना साधा आर. बदलणाऱ्या प्रत्येकाला अधिक. मी हे आठ जण कागदावर लिहून काढले, प्रत्येकासमोर तो काय बघतो, काय बदलतो, कुठे बसू शकतो ते लिहिलं, आणि मग कोड लिहिला. रजिस्टरं मीच नेमून दिली असती तर बोलावणाऱ्या प्रत्येक फंक्शनचं सामान आधी हलवावं लागलं असतं आणि नंतर जागेवर ठेवावं लागलं असतं. ऑपरंडांवर सोपवलं, आणि कंपायलरने आठही जणांना असं बसवलं की लूपमध्ये एकही हलवाहलव नाही. स्कोपवर पाच सायकलींची सुई आणि तेरा सायकलींची पट्टी एकाआड एक, काठ जराही न हलता. आरतीच्या वेळी मखराच्या कडेने हळदी रंग फिरत होता. बघणाऱ्यांनी गणपती बघितला. मी थोडा गणपती बघितला आणि थोडा त्या रंगाचा काठ.

चिपमध्ये मात्र तो नसतोच. कंपाइल झालं की अवतरणं, कोलन, अक्षर, कंस, सगळं विरून जातं. लिस्टिंगमध्ये त्याच्या जागी आर २४ असा कोरा आकडा उरतो. त्याने एक बाइट घेतलेला नसतो, एक सायकल खाल्लेली नसते. जाता जाता सगळ्यांना आपापल्या जागी बसवून गेलेला असतो.

आता पाटीचं काम नव्या चिपवर न्यायचं चाललंय, एआरएमच्या कॉर्टेक्स-एम० वर. तिथेही तो भेटला. पोशाख तोच, पण अक्षरांचे अर्थ बदललेले. एव्हीआरवर छोटा एल म्हणजे खालची रजिस्टरं, आर शून्य ते आर १५, ती वंचित मंडळी. इथे एल म्हणजे आर शून्य ते आर ७, आणि हेच इथले मानकरी: बहुतेक हुकूम यांच्यापर्यंतच पोचतात. कारण मात्र ओळखीचं निघालं. हुकूम सहसा १६ बिटांचा आणि त्यात रजिस्टराच्या नावाला बहुतेक ठिकाणी तीनच बिट. तीन बिटांत आठ नावं. जुनं अक्षर जुन्याच अर्थाने लिहिण्याचा मोह होतो, म्हणून मी नव्या चिपचं कोष्टक छापून टेबलासमोर चिकटवलंय.

काल थांबण्याचा लूप लिहिला. पहिल्या कोलननंतर, अवतरणात अधिक आणि एल, कंसात काउंट. दुसऱ्या कोलननंतर काही नाही. तिसऱ्यानंतर ‘सीसी’, कारण आतली वजाबाकी फ्लॅग बदलते. एव्हीआरवर ते न लिहिता चालून जायचं. इथे सांगावं लागतं.